मिंगक्वाय: लिन युतांग यांचा चिनी टाईपरायटर वापरायला कसा?

मिंगक्वाय कधी दुकानात विकायला आला नाही. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा एक चालता नमुना बनला. काही वर्षांतच तो नजरेआड झाला आणि भंगारात गेला असे सगळ्यांनी गृहीत धरले. जानेवारी २०२५ मध्ये तो एका अमेरिकन कुटुंबाच्या जुन्या सामानात निघाला. आता तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आहे. असे असले तरी त्याचे परीक्षण वापरायच्या वस्तूसारखेच व्हायला हवे, कारण चिनी लेखक लिन युतांग यांनी तो कपाटात ठेवण्यासाठी बनवला नव्हता. चिनी कारकून, व्यापारी आणि विद्यार्थ्यांच्या टेबलावर तो बसावा अशी त्यांची इच्छा होती.

या यंत्राबद्दल दोन शेरे हमखास वाचायला मिळतात: 'काळाच्या पुढचे यंत्र', किंवा 'एका श्रीमंत लेखकाचा महागडा नाद'. दोन्ही शेरे झाकण न उघडता मारलेले आहेत. पेटंटचा मजकूर आणि आकृत्या कोणालाही फुकट पाहता येतात: अमेरिकन पेटंट क्रमांक २६१३७९५, अर्ज १७ एप्रिल १९४६, मंजुरी १४ ऑक्टोबर १९५२. त्या आकृत्या नीट वाचल्या की यंत्राचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्ट दिसतात.

आधी अडचण काय होती ते पाहू. इंग्रजी टाईपरायटरला पन्नासच्या आत-बाहेर कळा पुरतात. मराठी यंत्रात अर्धी अक्षरे आणि काही मात्रा यांच्यासाठी कळा वाढवून, काही कळांवर गाडी पुढे न सरकण्याची सोय करून काम भागवता आले. चिनी लिपीत ही सोय नाही. रोजच्या व्यवहाराला दोन-तीन हजार अक्षरे लागतात, छापखान्याला सहा-सात हजार, आणि १७१६ च्या कांगशी शब्दकोशात तर ४७,०३५ अक्षरे आहेत. प्रत्येकाला एक कळ द्यायची तर कळफलक खोलीभर होईल.

लिन यांच्या आधी निघालेल्या चिनी यंत्रांनी म्हणूनच कळफलक काढूनच टाकला होता. शांघायच्या कमर्शियल प्रेसने विकलेल्या आणि पुढे चीनमध्ये अनेक दशके चाललेल्या घडणीत सुमारे अडीच हजार सुटे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, एका सपाट ताटात रचलेले असत. टंकलेखक ताटावरून निवडक सरकवत नेमक्या खिळ्यावर आणी, दांडा दाबी, यंत्र तो खिळा उचलून कागदावर आपटी आणि परत जागेवर ठेवी. दुर्मीळ अक्षर लागले की बाजूच्या पेटीतून चिमट्याने खिळा काढून ताटात बसवायचा. हे यंत्र भक्कम होते, दुरुस्तीला सोपे होते, पण शिकायला महिने लागत, कारण अडीच हजार जागा हाताला पाठ व्हाव्या लागत. वेगही मिनिटाला वीस-तीस अक्षरांच्या आसपास राही.

मिंगक्वाय वापरताना यातले काहीच पाठ करावे लागत नाही. त्याची खरी ताकद हीच आहे.

यंत्र बाहेरून साध्या टाईपरायटरसारखे दिसते. १४ इंच रुंद, १८ इंच खोल, ९ इंच उंच. कळा एकूण ७२: त्यांपैकी ३६ अक्षराच्या वरच्या भागाच्या, २८ खालच्या भागाच्या आणि ८ आकड्यांच्या. टंकलेखनाची कृती तीन दाबांची आहे. हव्या असलेल्या अक्षराचा वरचा, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातला आकार डोळ्यांनी ओळखायचा आणि तो आकार असलेली कळ दाबायची. मग खालचा, म्हणजे उजव्या खालच्या कोपऱ्यातला आकार ओळखून दुसरी कळ दाबायची. इतके झाले की आतले पिंप फिरून जागेवर येते आणि कळफलकाच्या वरच्या छोट्या खिडकीत जास्तीत जास्त आठ अक्षरे दिसतात. लिन या खिडकीला 'जादूचा डोळा' म्हणत. त्या आठांत आपले अक्षर कितवे आहे ते पाहून तितक्या आकड्याची कळ दाबायची. अक्षर कागदावर उमटते.

इथे उच्चाराचा कुठेही संबंध येत नाही, आणि हा गुण फार मोलाचा आहे. लिन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९५ चा, फूच्येन प्रांताच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ पिंगहे भागातला, एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरातला. तिथली घरची बोली मिननान. पेइचिंगच्या माणसाला ती ऐकून समजत नाही. अक्षर मात्र दोघे एकच लिहितात. कँटनचा व्यापारी, शांघायचा कारकून आणि पेइचिंगचा प्राध्यापक एकाच यंत्रावर, आपापल्या उच्चारासह, काहीही न बदलता टंकलेखन करू शकतील अशी ही रचना आहे. आज चीनमध्ये बहुतेक लोक रोमन अक्षरांत उच्चार टाकून लिहितात, त्यासाठी प्रमाण चिनी उच्चार यावा लागतो. मिंगक्वायची ती अट नव्हती.

आतली रचना पाहिली की लिन यांच्या डोक्याचा हिशेबीपणा कळतो. धातूच्या ३६ दांड्या, प्रत्येक दांडी आठ पैलूंची, प्रत्येक पैलूवर २९ खिळे. गुणाकार केला तर ८,३५२ खिळे होतात. सहा-सहा दांड्यांचा एक रूळ, असे सहा रूळ, आणि सहाही रूळ एका मोठ्या पिंपात. दांडी स्वतःभोवती फिरते, रूळ स्वतःभोवती फिरतो आणि पिंपही फिरते. आता कळा मोजा: वरच्या ३६, आकड्यांच्या ८. दांड्या ३६, पैलू ८. हा योगायोग नव्हे. कळफलकाची रचना आणि खिळ्यांची मांडणी एकाच तक्त्यातून निघालेली आहे, म्हणूनच इतकी अक्षरे इतक्या छोट्या पेटीत मावली. ताटाच्या यंत्रात टंकलेखकाचा हात खिळ्याकडे जातो. इथे खिळा टंकलेखकाकडे येतो.

जाहिरातीत सांगितला जाणारा ९०,००० अक्षरांचा आकडा मात्र जपून घ्यावा. यंत्रात पूर्ण अक्षरे सुमारे सात हजारच आहेत. उरलेले खिळे तुकड्यांचे आहेत: डाव्या बाजूचे मूलाकार (ज्यांवरून कोशात अक्षर शोधतात ते मूळ घटक) आणि उजव्या बाजूचे भाग. डावा तुकडा छापून त्याच चौकटीत उजवा तुकडा छापला की नवे अक्षर तयार होते. ९०,००० म्हणजे अशा शक्य जोड्यांची बेरीज. कांगशी कोशाच्या जवळजवळ दुप्पट भरणारी ही संख्या रोजच्या कामात कोणाला लागणार नाही. शिवाय जोडलेले अक्षर कधीच एकसंध अक्षराइतके देखणे येत नाही. हाताने लिहिताना शेजारचा भाग किती दाट आहे त्यावरून मूलाकाराची रुंदी कमी-जास्त होते. खिळ्याची रुंदी ठरलेली असते, त्यामुळे कुठे फट पडते तर कुठे गर्दी होते. शेजारी-शेजारी न मांडता एकात एक गुंतलेले आकार, विशेषतः चौकटीच्या आत भाग असलेली अक्षरे, या पद्धतीने जोडता येत नाहीत; ती पूर्ण खिळ्यातच असावी लागतात. दुर्मीळ नावे, गावे आणि जुने ग्रंथ छापण्यासाठी जोडअक्षरांची सोय चांगली आहे. रोजचा मजकूर सात हजारांतच भागतो.

वेगाचा दावा मिनिटाला ४० ते ५० शब्दांचा होता. आपल्याकडे सरकारी टंकलेखन परीक्षेत मराठीला ३० आणि ४० शब्दांच्या पायऱ्या आहेत, त्या डोळ्यांसमोर ठेवल्या तर हा आकडा आकर्षक वाटतो. पण शब्दाचे माप भाषेगणिक बदलते, आणि मिंगक्वायमध्ये एक अडथळा रचनेतच आहे: दर अक्षराला नजर कागदावरून उचलून खिडकीकडे न्यावी लागते. न बघता लिहिणे या यंत्रावर साधत नाही. सरावाने नेहमीच्या अक्षरांचे आकडे पाठ होतील हे खरे, परंतु मजकुरातली निम्मी अक्षरे तरी पाहूनच निवडावी लागतील. नवशिक्याला हे यंत्र ताटाच्या यंत्रापेक्षा कितीतरी दयाळू आहे. कसलेल्या माणसाला ते किती पुढे नेईल याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

खरा दोष मात्र यांत्रिक आहे. आठ हजारांहून जास्त खिळ्यांपैकी कोणताही एक छापताना त्याच एका बिंदूवर, त्याच पातळीत, सरळ थांबला पाहिजे. त्यासाठी एकात एक बसलेली तीन फिरती आणि त्यांना थोपवणारे खटके अचूक लागतात. प्रत्येक फिरतीत केसभर ढिलाई असली तरी तिन्ही मिळून अक्षर वरखाली किंवा तिरके पडते, शेजारच्या खिळ्याची कडा उमटते, किंवा खटका न बसल्याने कळ दाबूनही काहीच होत नाही. इंग्रजी यंत्रात एक अक्षरदांडी अडकली तर बोटाने मागे ढकलता येते. इथे दोष पिंपाच्या पोटात असतो, तिथे बोट पोहोचत नाही. हाताने घासून जुळवलेल्या पहिल्या नमुन्यात असे काही होणे अटळच होते, आणि ते सर्वांत वाईट वेळी झाले. टाईपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक ठरले. लिन यांची मुलगी लिन ताय-यी हिने भर पावसात वडिलांबरोबर पेटीतून यंत्र नेले, सर्वांसमोर कळा दाबल्या, आणि यंत्र हलले नाही. घरी आणून कारागीर बोलावल्यावर ते पुन्हा चालू झाले आणि ऑगस्ट १९४७ मध्ये पत्रकारांसमोर व्यवस्थित चालले. रेमिंग्टनची संधी मात्र गेली होती.

त्याच सुमारास दुसरी एक चिनी यंत्ररचना बाजारात उतरायची धडपड करत होती: काओ चुंग-चिन यांची आयबीएमबरोबरची विजेची यंत्रणा. तिच्यात ५,४०० अक्षरे एका फिरत्या पिंपावर होती आणि प्रत्येक अक्षराला चार आकडी संकेतांक. यांत्रिक दृष्ट्या ती मिंगक्वायपेक्षा सुटसुटीत, कारण विजेची मोटर आणि एकच पिंप. वापरणाऱ्याला मात्र हजारो संकेतांक पाठ करायला लावणारी. दोघांतून एक निवडायचे असते तर ज्याला पगार देऊन टंकलेखक ठेवायचा आहे अशा कचेरीने आयबीएमचे घेतले असते, आणि स्वतःची पत्रे स्वतः लिहिणाऱ्या माणसाने मिंगक्वाय. चीनमध्ये शेवटी दोन्ही चालली नाहीत. ताटाचे यंत्र टिकले, कारण ते स्वस्त होते आणि साधा कारागीर ते दुरुस्त करू शके.

पैशाची बाजू कठोर आहे. नमुन्यावर एकूण सुमारे १,२०,००० डॉलर खर्च झाले. हे पैसे लिन यांचे स्वतःचे होते, पुस्तकांच्या मानधनाचे. १९३५ चे 'माय कंट्री अँड माय पीपल' आणि १९३७ चे 'द इम्पॉर्टन्स ऑफ लिव्हिंग' यांनी त्यांना अमेरिकेत घराघरांत नेले होते. १९४२ मध्ये त्यांनी चीन आणि भारताच्या ज्ञानाचा एक जाडजूड संग्रह काढला, त्यात ऋग्वेदातली सूक्ते, गीता आणि रामायणही घेतले. या सगळ्या पुस्तकांची कमाई खिळे कोरण्यात आणि कारागिरांच्या मजुरीत गेली, वर कर्ज झाले. १९४८ मध्ये त्यांनी पॅरिसला युनेस्कोत कला आणि साहित्य विभागाचे प्रमुखपद घेतले.

लेखकाने आपल्या कमाईचा असा विनियोग का करावा, हा प्रश्न त्यांची फक्त निबंधांची पुस्तके वाचणाऱ्यांना पडतो. त्यांचा अभ्यास पाहिला की पडत नाही. चिनी अक्षरे कशी शोधावीत यावर त्यांनी विशी ओलांडली तेव्हाच, १९१८ च्या सुरुवातीला, पेइचिंगच्या 'नवयुवक' मासिकात लेख लिहिला होता. जुन्या कोशांत २१४ मूलाकार असतात. आधी अक्षराचा मूलाकार कोणता ते ठरवायचे, मग उरलेल्या रेघा मोजायच्या. अनेक अक्षरांत मूलाकार कोणता हेच पटकन उमगत नाही. लिन यांनी यावर उपाय शोधायला घेतला. हार्वर्डहून एम.ए. आणि १९२३ मध्ये लाइपझिगहून प्राचीन चिनी ध्वनिशास्त्रावर पीएच.डी. केलेल्या माणसाला हा प्रश्न भाषेच्या मुळाशी जाणारा वाटला तर नवल नाही. मिंगक्वायचा कळफलक म्हणजे त्या शोधाला आलेले धातूचे रूप आहे. आमच्या मते त्यांच्या लोकप्रिय पुस्तकांपेक्षा हे काम मोठे आहे. पूर्वेची ओळख पश्चिमेला करून देणारे लेखक त्या काळात आणखीही होते; अक्षर लिहायचे म्हणजे ते शोधून निवडायचे, हे यंत्रात उतरवून दाखवणारा माणूस मात्र विरळा.

छपाईची अक्षरजुळणी यंत्रे बनवणाऱ्या ब्रुकलिनच्या मर्गेंथेलर लायनोटाइप कंपनीने १९४८ मध्ये करार करून हक्क आणि नमुना घेतला. हीच कंपनी १९३० च्या दशकात हरि गोविल यांच्याबरोबर देवनागरी लायनोटाइपवर काम करून चुकली होती, त्यामुळे अनोळखी लिपीचे तिला भय नव्हते. पण उत्पादनाचा खर्च फार येत होता, आणि ज्या देशात यंत्र विकायचे तिथे यादवी युद्ध पेटले होते. १९४९ नंतर तो बाजार अमेरिकन कंपनीला बंद झाला. १९५६ पासून चीनने अक्षरे सोपी करायला घेतली, म्हणजे शेकडो अक्षरांचे वरचे-खालचे आकारच बदलले; आठ हजार खिळ्यांचा संच आणि कळांची वाटणी दोन्ही नव्याने करावी लागली असती.

कळफलक मात्र वाया गेला नाही. अमेरिकन हवाई दलाच्या यंत्रभाषांतराच्या प्रयोगांत, आयबीएम आणि मर्गेंथेलर यांच्या सायनोरायटर यंत्रात त्याच तत्त्वाचा कळफलक आला. पुढे तैवानच्या मायटॅक कंपनीने लिन यांची वर-खाली आकारांची पद्धत संगणकासाठी घेतली. आणि आज फोनवर मराठीत दोन अक्षरे टाकताच वर सुचणाऱ्या शब्दांची पट्टी येते, त्यातला एक बोटाने निवडला जातो; चिनी वापरणारे तर दर वाक्याला हेच करतात. दोन कळा, मग खिडकीतून निवड, हा क्रम १९४७ मध्ये विजेशिवाय, निव्वळ चाकांवर चालत होता.

स्वतः लिन यांनी शोधाची ही पद्धत सोडली नाही. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीसाठी त्यांनी केलेला चिनी-इंग्रजी कोश १९७२ मध्ये निघाला. त्यातली अक्षरे डाव्या वरच्या आणि उजव्या खालच्या कोपऱ्यावरूनच लावलेली आहेत. २६ मार्च १९७६ रोजी हाँगकाँगमध्ये त्यांचे निधन झाले. तैपेईजवळच्या यांगमिंगशानवर त्यांनी स्वतः आखलेल्या घराच्या मागच्या बागेत त्यांची समाधी आहे, आणि ते घर आता संग्रहालय आहे.

ज्यांना मिंगक्वायचा अनुभव घ्यायचा आहे त्यांनी पेटंटच्या आकृत्यांपासून सुरुवात करावी: आधी कळफलकाची आकृती, मग पिंपाचा छेद, मजकूर शेवटी. स्टॅनफर्डमधला नमुना दुर्मीळ संग्रहाचा भाग असल्याने त्यावर कळा दाबायला मिळतील अशी अपेक्षा नको. पद्धत हाताखालून घालायची असेल तर १९७२ चा कोश सर्वांत सोपा मार्ग आहे. हाँगकाँगच्या त्याच विद्यापीठाने तो संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला आहे, पण त्या आवृत्तीत कोपऱ्यांची सूची वगळली आहे आणि उच्चार आजच्या पिनयिन या प्रमाण रोमन पद्धतीत आहेत; म्हणून छापील प्रतच घ्यावी. एक अक्षर घ्यावे, त्याचे दोन कोपरे पाहावेत आणि यादीत शोधावे. सुरुवातीला हमखास चूक होते ती कोपरा ओळखण्यात: नवशिके पूर्ण डावा मूलाकार पाहतात, तर पद्धतीला फक्त त्याचा वरचा आकार हवा असतो. दुसरी गोष्ट, कोश पारंपरिक अक्षरांचा आहे. चीनमधली सोपी अक्षरे शिकलेल्यांनी आधी अक्षराचे पारंपरिक रूप शोधून घ्यावे, नाहीतर कोपरे जुळणार नाहीत. छापील कोशातले उच्चारही पिनयिनमध्ये नाहीत, तर लिन यांनी ज्या समितीत काम केले तिच्या जुन्या रोमन पद्धतीला सोपे करून दिलेले आहेत. त्या पद्धतीत स्वराचा चढउतार चिन्हाऐवजी स्पेलिंगमध्येच दाखवतात, तेव्हा कोशाची प्रस्तावना वाचूनच पुढे जावे.